नवख्या रेसरने वरच्या क्लासमध्ये कधी जावं? मोटरसायकल क्लब रेसिंगमधली 'बढती' समजून घेऊया

पहिला सीझन संपत आलेला असतो. सुरुवातीला शेवटून दुसरे येणारे तुम्ही आता पहिल्या पाचात असता. पिटमध्ये शेजारच्या तंबूत ६०० सीसीची बाईक उभी असते आणि तिचा मालक सहज म्हणून जातो, "किती दिवस या छोट्या बाईकवर खेळणार? ये की आमच्यात!" त्या रात्री झोप लागत नाही. डोक्यात एकच प्रश्न फिरत राहतो, 'आता वर जायचं का?'

मोटरसायकल रेसिंगमध्ये उतरलेल्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. उत्तर बहुतेक वेळा हौसेवर, मित्रांच्या आग्रहावर किंवा शोरूममधल्या ऑफरवर ठरतं. खरं तर हे बरंचसं मोजून ठरवता येतं. लॅप टाइम, ब्रेकिंगचं अंतर, पडण्याची नोंद आणि जीपीएस डेटा या गोष्टी तुमच्याकडे आधीच असतात किंवा थोड्या खर्चात मिळतात. त्या कशा वाचायच्या ते या लेखात पाहूया.

क्लब रेसिंग म्हणजे नेमकं काय?

टीव्हीवर दिसणारी मोटोजीपी किंवा वर्ल्ड सुपरबाईक हे या खेळाचं शिखर झालं. त्याच्या पायथ्याशी असतं क्लब रेसिंग. इथे नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवारी ट्रॅकवर येणारे हौशी रेसर असतात. बाईक स्वतःची, खर्च स्वतःचा आणि बक्षीस म्हणजे बहुतेक वेळा एक छोटी ट्रॉफी.

ब्रिटनमध्ये ही परंपरा फार जुनी आहे. तिथली ऑटो-सायकल युनियन १९०३ सालची, तर 'बेम्सी' या नावाने ओळखला जाणारा ब्रिटिश मोटरसायकल रेसिंग क्लब १९०९ सालचा. अमेरिकेत वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे क्लब आहेत. कॅलिफोर्नियातला एएफएम हा क्लब सोनोमा, थंडरहिल, बटनविलो अशा ट्रॅकवर शर्यती घेतो. बे एरियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना सोनोमाचा ट्रॅक अगदी जवळचा.

या क्लबांमध्ये नवखा रेसर लांबूनच ओळखू येतो. ब्रिटनमध्ये नोव्हिस लायसन्सवाल्याला लेदर सूटवर नारिंगी जाकीट चढवावं लागतं. अमेरिकेतल्या अनेक क्लबांमध्ये नवख्याच्या बाईकवर पिवळी नंबर प्लेट असते आणि अनुभवी रेसरच्या बाईकवर पांढरी. हेतू कमीपणा दाखवण्याचा नसतो. मागून वेगाने येणाऱ्याला 'समोरचा नवीन आहे, जरा जपून' एवढा इशारा मिळावा म्हणून ही सोय.

वर जाणं दोन प्रकारचं असतं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. 'वरच्या क्लासमध्ये जाणं' याचे दोन वेगळे अर्थ आहेत.

पहिला अर्थ, रायडरचा दर्जा बदलणं. म्हणजे नोव्हिसमधून क्लबमन किंवा एक्स्पर्ट होणं. बाईक तीच, पण प्रतिस्पर्धी तगडे. याचे नियम क्लब ठरवतो. कुठे पूर्ण केलेल्या शर्यती मोजतात, कुठे गुण, तर कुठे लॅप टाइम पाहून क्लब स्वतःच तुम्हाला वर ढकलतो.

दुसरा अर्थ, बाईकचा गट बदलणं. म्हणजे ३००-४०० सीसीवरून ६५० च्या ट्विन सिलिंडरवर, तिथून ६०० सीसी सुपरस्पोर्टवर आणि पुढे १००० सीसीवर. इथे तुमची बाईकच बदलते, आणि हा बदल फार मोठा असतो. कावासाकी निन्जा ४०० ची ताकद साधारण ४५ ते ५० हॉर्सपॉवर आहे. सुझुकी एसव्ही ६५० सुमारे ७३. ६०० सीसीच्या चार सिलिंडरवाल्या सुपरस्पोर्ट बाईक ११५ ते १३० च्या घरात. म्हणजे दुपटीपेक्षा बरीच जास्त ताकद, तीही थोड्याशाच जास्त वजनावर.

दोन्ही बढत्या एकाच वेळी घेऊ नयेत, हा पहिला साधा नियम. नवीन बाईकवर जायचं असेल तर शक्यतो ओळखीच्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये राहा. तगड्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये जायचं असेल तर ओळखीची बाईक ठेवा.

भारतातली शिडी कशी आहे?

आपल्याकडे परदेशासारखी प्रत्येक प्रांतात क्लब रेसिंगची चळवळ नाही. शर्यतींवर देखरेख एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाची असते आणि भाग घेण्यासाठी त्यांचं स्पर्धा लायसन्स लागतं. मुख्य ट्रॅक तीन. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट (सुमारे ३.७ किलोमीटर), कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे (सुमारे २.१ किलोमीटर) आणि २०११ मध्ये सुरू झालेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (५ किलोमीटरहून थोडा मोठा). पुण्या-मुंबईच्या रायडरला शर्यतीसाठी बहुतेक वेळा चेन्नई किंवा कोइमतूर गाठावं लागतं.

शिडी मात्र आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय स्पर्धेत अलीकडच्या वर्षांत १६५ सीसीचा नोव्हिस गट, मुलींचा गट, १६५ सीसीचा प्रो-स्टॉक आणि ३०१ ते ४०० सीसीचा प्रो-स्टॉक असे टप्पे राहिले आहेत. त्याशिवाय कंपन्यांच्या वन-मेक स्पर्धा आहेत, म्हणजे सगळ्यांना एकच मॉडेल. टीव्हीएसची वन-मेक स्पर्धा १९९४ पासून चालू आहे. तिच्यात नवोदितांना अपाचे आरटीआर २०० आणि ओपन गटाला आरआर ३१० मिळत आली आहे. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये पूर्वी सीबीआर १५०आर आणि त्याच्या वर एनएसएफ २५०आर असायची. ही दुसरी बाईक म्हणजे रस्त्यावर न चालणारी, फक्त ट्रॅकसाठी बनवलेली. वजन ८४ किलोच्या आसपास आणि ताकद ४८ हॉर्सपॉवरच्या आसपास. रॉयल एनफिल्डने २०२१ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी ६५० चा कप सुरू केला, तर केटीएमने २०२३ मध्ये आरसी ३९० चा.

वन-मेक स्पर्धेचा एक मोठा फायदा आहे. बाईक सगळ्यांची सारखी असल्याने 'माझी बाईकच स्लो होती' हे कारण चालत नाही. पुढच्या रायडरच्या आणि तुमच्या वेळेतला फरक बहुतांशी तुमचाच असतो. त्यामुळे वर जायचं की नाही हे ठरवायला वन-मेकचे लॅप टाइम सगळ्यात प्रामाणिक.

वेग थोडा वाढला की नेमकं काय बदलतं?

आता थोडं गणित करूया. समजा एका सरळ पट्ट्याच्या शेवटी छोटी बाईक ताशी १८० किलोमीटर वेगाने पोहोचते आणि ६०० सीसीची २४० ने. दोघांनाही पुढच्या वळणासाठी ९० वर यायचं आहे. दोघांचंही ब्रेकिंग एक जी इतकं जोरदार धरलं, म्हणजे दर सेकंदाला वेग साधारण ३५ किमीने कमी होतो असं मानलं, तर:

छोट्या बाईकला लागणारं अंतर: सुमारे ९६ मीटर.
मोठ्या बाईकला लागणारं अंतर: सुमारे १९५ मीटर.

वेग एक तृतीयांशानेच जास्त, पण ब्रेकिंगचं अंतर दुप्पट! कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यात माणसाची प्रतिक्रिया धरा. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर १८० च्या वेगात २५ मीटर निघून जातात आणि २४० च्या वेगात ३३ मीटर. वर गृहीत धरलेलं एक जीचं ब्रेकिंग मुरलेल्या रेसरला जमतं. नवखा रायडर त्याहून हळू ब्रेक लावतो, म्हणजे त्याचं अंतर आणखी वाढतं.

दुसरा मुद्दा दोघांच्या वेगातल्या फरकाचा. क्लब शर्यतींमध्ये अनेकदा दोन-तीन गट एकाच वेळी ट्रॅकवर सोडतात, फक्त स्टार्ट काही सेकंदांच्या अंतराने देतात. १८० ने जाणाऱ्याच्या मागून २४० ने कोणी आला तर दर सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कमी होतं. ५० मीटर मागे असलेला रायडर ३ सेकंदांत तुमच्या शेजारी असतो. अशा वेळी पुढचा रायडर आपली रेषा अचानक बदलणारा असेल, तर दोघांचाही जीव धोक्यात येतो. म्हणून वर जाण्याचा निर्णय फक्त तुमचा खासगी नसतो. ट्रॅकवरच्या प्रत्येकाचा त्यात वाटा असतो.

तिसरी गोष्ट थ्रॉटलची. ३०० सीसीच्या बाईकवर वळणातून निघताना थोडा जास्त थ्रॉटल दिला तर फारसं काही बिघडत नाही. ६०० वर तीच चूक केली तर मागचं चाक घसरतं, आणि ते अचानक पुन्हा पकड घेतं तेव्हा रायडर सीटवरून वर उडतो. याला रेसर 'हायसाइड' म्हणतात, आणि पडण्याच्या प्रकारांमध्ये हा सगळ्यात वाईट.

तयारी झाली का? पाच खुणा

१. गटातल्या सर्वात जलद रायडरच्या किती टक्के?

रेसिंगमध्ये १०७ टक्क्यांचा नियम प्रसिद्ध आहे. फॉर्म्युला वनमध्ये तो आहे आणि मोटोजीपीतही अनेक वर्षं होता. सर्वात जलद वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत वेळ न देणाऱ्याला शर्यतीत उतरू देत नाहीत. क्लबमध्ये एवढं कडक नसतं, पण हिशेबासाठी ही फूटपट्टी उत्तम.

समजा जलद वेळ २ मिनिटं, म्हणजे १२० सेकंद. त्याचे १०७ टक्के म्हणजे १२८.४ सेकंद. तुम्ही २ मिनिटं ८ सेकंदांत फेरी पूर्ण करत असाल, तर ८ फेऱ्यांच्या शर्यतीत पहिला रायडर तुम्हाला एका फेरीने मागे टाकू शकत नाही. पण तुमची वेळ ११५ टक्के, म्हणजे १३८ सेकंद असेल, तर आठव्या फेरीत तो तुमच्या मागे येऊन ठेपतो.

आता ही फूटपट्टी दोनदा लावा. सध्याच्या गटात तुम्ही १०२-१०३ टक्क्यांच्या आत आहात का? आणि ज्या गटात जायचं आहे, तिथे सरावाच्या दिवशी ती बाईक चालवून १०७ ते ११० टक्क्यांच्या आत येता का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर अजून थांबायला हरकत नाही. हे आकडे कुठल्या नियमपुस्तकातले नाहीत, एक व्यवहारी अंदाज म्हणून वापरायचे.

२. सातत्य आहे का?

बहुतेक जण आपली सर्वात चांगली फेरी सांगतात. पण एक फेरी चांगली येणं आणि शर्यत चांगली होणं यात फरक आहे. उदाहरणादाखल दोन रायडर घ्या.

पहिला: २:०५.१, २:०५.४, २:०५.०, २:०५.६, २:०५.३
दुसरा: २:०३.८, २:०७.२, २:०४.५, २:०८.१, २:०५.०

दुसऱ्याची उत्तम फेरी पहिल्यापेक्षा १.२ सेकंदांनी जलद आहे. चहाच्या टपरीवर तोच मोठा. पण पाच फेऱ्यांची बेरीज केली तर पहिला २.२ सेकंदांनी पुढे संपवतो. शिवाय पहिल्याच्या सर्वात जलद आणि सर्वात हळू फेरीत ०.६ सेकंदांचा फरक आहे, दुसऱ्याच्या ४.३ सेकंदांचा. दुसरा रायडर प्रत्येक फेरीत वेगळ्या जागी ब्रेक लावतोय, वेगळी रेषा पकडतोय. मोकळ्या ट्रॅकवर सगळ्या फेऱ्या एका सेकंदाच्या आत येत असतील तर तुमचं तंत्र बसलं असं समजा. रहदारीत अडकलेल्या फेऱ्या या हिशेबातून वगळा.

३. पडण्याचा हिशेब

रेसिंग म्हटल्यावर पडणं आलंच. प्रश्न किती वेळा पडलात एवढाच नसतो, का पडलात हे सांगता येतं का हा असतो. 'टायर थंड होता आणि दुसऱ्याच वळणावर मी पूर्ण झुकवलं' हे कारण झालं. 'काय झालं कळलंच नाही, अचानक खाली होतो' हे कारण नव्हे. न कळलेली चूक मोठ्या बाईकवर जास्त वेगात पुन्हा होते. शेवटच्या सहा-सात शर्यतींत एकही गूढ अपघात नसेल, तर ही खूण पटली.

४. गर्दीत कसे वागता?

एकट्याने जलद जाणं म्हणजे ट्रॅक डे. रेसिंग म्हणजे इतरांसोबत जलद जाणं. स्वतःला विचारा. वळणात आतल्या बाजूने कोणी घुसला तर मी दचकून बाईक उभी करतो की आपली रेषा धरून राहतो? ब्रेकिंगमध्ये मागे टाकायला जागा कुठे आहे हे मला आधीच ठाऊक असतं का? प्रत्येक मार्शल पोस्टवरचा झेंडा मला दिसतो का? पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून जलद रायडर येतोय. लाल म्हणजे शर्यत थांबली. शर्यत संपल्यावर 'पिवळा झेंडा कधी दाखवला? मला नाही दिसला' असं म्हणत असाल, तर डोकं अजून बाईक चालवण्यातच गुंतलेलं आहे.

५. लक्ष शिल्लक राहतं का?

कीथ कोड हे अमेरिकन प्रशिक्षक. १९८० मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूल सुरू केली. पुढे तिची शिबिरं चेन्नईच्या ट्रॅकवरही झाली. त्यांची एक कल्पना फार उपयोगी आहे. माणसाचं लक्ष म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट. नवख्याचे नऊ डॉलर नुसतं गिअर, ब्रेक, थ्रॉटल सांभाळण्यात जातात. सराव झाला की तेच काम एका डॉलरमध्ये होतं आणि उरलेले पैसे पुढची वळणं वाचायला, प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घ्यायला मिळतात. मोठी बाईक हे सगळे दर एकदम वाढवते. आज तुमच्या खिशात काहीच उरत नसेल, तर उद्या उधारीवर बाईक चालवावी लागेल.

बाईक कमी पडतेय की आपण?

'माझी बाईकच आता मला पुरत नाही' हे वाक्य पिटमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते खरं आहे का, हे जीपीएस लॅप टाइमर सांगतो. साध्या फोनचा जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो. १८० च्या वेगात एका सेकंदात ५० मीटर जातात, त्यामुळे तो या कामाला अपुरा. रेसिंगचे टाइमर सेकंदाला १० किंवा त्याहून जास्त नोंदी घेतात.

तुमच्याच गटातल्या पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या रायडरला विनंती करून त्याच्या एका फेरीचा डेटा मागा. क्लबमधली मंडळी सहसा देतात. मग दोन वेगरेषा एकमेकींवर ठेवा आणि तीन गोष्टी पाहा.

एक, वळणातला किमान वेग. प्रत्येक वळणाच्या मध्यावर त्याचा वेग जास्त आहे का? असेल तर वेळ तुम्ही हरवताय, बाईक नाही.

दोन, ब्रेकिंगचा बिंदू. तो तुमच्यानंतर ब्रेक लावतो की आधी ब्रेक सोडतो? बऱ्याचदा जलद रायडर उशिरा ब्रेक लावत नाही, लवकर आणि हळुवार सोडतो.

तीन, सरळ पट्टा. पट्ट्याच्या सुरुवातीला दोघांचा वेग सारखा असून शेवटी तुम्ही मागे पडत असाल तरच इंजिनाची शंका घ्या. पट्ट्याच्या सुरुवातीलाच तुम्ही हळू असाल, तर चूक आधीच्या वळणात आहे.

टाइमरमधला आणखी एक आकडा कामाचा आहे, 'थिऑरेटिकल बेस्ट'. ट्रॅकच्या प्रत्येक भागातली तुमची सर्वोत्तम वेळ एकत्र जोडली तर मिळते ती. ही वेळ आणि तुमची खरी उत्तम फेरी यांत दीड-दोन सेकंदांचा फरक असेल, तर सध्याच्याच बाईकवर तेवढी कमाई बाकी आहे. फरक दोन-तीन दशांशांवर आला की तुम्ही या बाईकमधून जवळपास सगळं काढलंय.

आणि डेटा नसेल तर सगळ्यात सोपी चाचणी, तुमची बाईक अनुभवी रायडरला दोन फेऱ्या चालवायला द्या. तो तीन सेकंदांनी जलद आला तर प्रश्न मिटला!

छोट्या बाईकचं महत्त्व इथेच कळतं. तिच्यात ताकद नसल्यामुळे वळणात वेग गमावला की तो परत मिळवता येत नाही. म्हणून ती वेग राखायला शिकवते. मोठी बाईक चुकीवर पांघरूण घालते. वळण बिघडलं तरी पुढे थ्रॉटल पिळून वेळ भरून निघते, आणि चूक तशीच राहते.

वर जाण्याची चुकीची कारणं

मित्र गेले म्हणून. त्यांची तयारी त्यांची, तुमची तुमची.

कंटाळा आला म्हणून. कंटाळा बहुतेक वेळा वेळ सुधारायची थांबली की येतो. अशा वेळी नवीन बाईकपेक्षा एक दिवसाचं प्रशिक्षण स्वस्त आणि जास्त उपयोगी.

एक शर्यत जिंकली म्हणून. त्या दिवशी पुढचे दोघे पडले होते का, पाऊस होता का, हेही पाहा. एका निकालापेक्षा सलग चार-पाच निकाल जास्त खरं बोलतात.

वयाची घाई म्हणून. 'आता नाही तर कधी?' हा प्रश्न व्यावसायिक रेसर होऊ पाहणाऱ्या १५ वर्षांच्या मुलासाठी खरा आहे. ३५ व्या वर्षी हौस म्हणून आलेल्यासाठी नाही. त्याला सोमवारी कामावर जायचं असतं.

पण जास्त थांबणंही चूकच

याची दुसरी बाजूही आहे. काही जण वर जाण्याची तयारी असूनही वर्षानुवर्षं नोव्हिसमध्येच राहतात आणि ट्रॉफ्यांचं कपाट भरतात. आपल्याकडे म्हण आहेच, वासरांत लंगडी गाय शहाणी. याचे दोन तोटे होतात. एक, खऱ्या नवख्यांची संधी जाते, शिवाय त्यांच्यामधून सारखं वाट काढत जाणं दोघांनाही धोक्याचं. दोन, तुमची स्वतःची वाढ थांबते. पुढे कोणी नसेल तर पाठलाग कोणाचा करणार? सलग काही शर्यती मोठ्या फरकाने जिंकत असाल आणि ट्रॅकवर तुम्हाला एकट्यालाच फिरावं लागत असेल, तर आता निघायला हवं. बऱ्याच क्लबांत अशा रायडरला आयोजक स्वतःच वर पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

खिसा आणि शरीर

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे रेसिंगमध्ये फार खरं. मोठ्या बाईकचा खर्च बाईकच्या किमतीवर संपत नाही. छोट्या बाईकचा टायर अनेक सत्रं टिकतो. ६०० चा मागचा रुंद रेसिंग टायर एका वीकेंडमध्येच उतरू शकतो. ब्रेक पॅड, चेन, पेट्रोल, टायर वॉर्मर, त्यासाठी जनरेटर, हे सगळं वाढतं. पडल्यावरचा खर्चही वाढतो.

एक साधा हिशेब करा. वरच्या गटात वर्षाला किती शर्यती परवडतील? खालच्या गटात आठ परवडत असतील आणि वर फक्त तीन, तर वर जाऊन तुम्ही हळू व्हाल. कारण रेसरला वेगवान करतात त्या ट्रॅकवरच्या फेऱ्या. वन-मेक स्पर्धेत बाईक आयोजक देत असतील तर हा भार बराच हलका होतो.

शरीराचंही तसंच. जोरदार ब्रेकिंगमध्ये सगळं वजन मनगटांवर येतं. मांड्यांनी टाकी धरून ते सांभाळावं लागतं. शर्यतीच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत तुमची वेळ दोन सेकंदांनी घसरत असेल, तर बाईक बदलण्याआधी व्यायामाकडे बघा.

वर गेल्यावर पहिला सीझन कसा घ्यावा?

ठरलं, तर पायरी-पायरीने जा. शर्यतीआधी किमान दोन-तीन सरावाचे दिवस नव्या बाईकवर घालवा, तेही ओळखीच्या ट्रॅकवर. पॉवर मोड आणि ट्रॅक्शन कंट्रोलची सोय असेल तर सुरुवात सौम्य सेटिंगने करा. ब्रेकिंगच्या जुन्या खुणा विसरा. शंभर मीटरची पाटी आता तुमच्यासाठी दोनशेची आहे. पहिल्या शर्यतीत ग्रिडवर मागून सुरुवात करायची परवानगी मागितली तर त्यात लाज नाही, बरेच शहाणे रेसर तसं करतात. आणि पहिल्या तीन शर्यतींचं ध्येय एकच ठेवा, शर्यत पूर्ण करायची आणि बाईक उभी घरी आणायची.

तीन-चार शर्यतींनंतरही ११० टक्क्यांच्या आत येत नसाल, किंवा प्रत्येक सत्राआधी उत्साहापेक्षा भीतीच जास्त वाटत असेल, तर परत खाली या. जुनी बाईक लगेच विकू नका, हे त्यासाठीच. एक सीझन खाली काढून परत वर गेलेला रायडर बऱ्याचदा पहिल्यापेक्षा भक्कम असतो.

थोडक्यात

सध्याच्या गटात: पहिल्या रायडरच्या १०२-१०३ टक्क्यांच्या आत, फेऱ्या एका सेकंदात, थिऑरेटिकल बेस्टपासून काही दशांशांवर.

नव्या गटात: सरावाच्या वेळा १०७ ते ११० टक्क्यांच्या आत.

सुरक्षा: न कळलेला अपघात नाही, झेंडे दिसतात, रेषा स्थिर.

पैसा: वर्षाला निदान पाच-सहा शर्यती परवडतात.

बदल: एका वेळी एकच, बाईक किंवा प्रतिस्पर्धी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थेट ६०० सीसीवरून रेसिंग सुरू केलं तर?
नियमात बसत असेल तर करता येतं, ब्रिटनमध्ये नवख्यांसाठी ६०० चे गट आहेतही. पण शिकायला जास्त वेळ लागतो आणि चुकीची किंमत मोठी असते. रस्त्यावर दहा वर्षं मोठी बाईक चालवल्याचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही.

महाराष्ट्रात राहून तयारी कशी करायची?
कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या छोट्या ट्रॅकवर वळणांचा आणि ब्रेकिंगचा पाया घालता येतो. वेग तिथे कमी असतो, त्यामुळे वर जाण्याचा निर्णय मात्र चेन्नई किंवा कोइमतूरच्या वेळांवरूनच घ्या.

किती सीझन थांबायचं?
सीझन मोजू नका, फेऱ्या मोजा. वर्षाला तीन शर्यती करणाऱ्याचे दोन सीझन आणि दहा शर्यती करणाऱ्याचा एक सीझन यांची तुलनाच होत नाही.

शेवटी, पिटमधल्या त्या शेजाऱ्याने पुन्हा विचारलं, "कधी येतोस वर?" तर त्याला टाइमरचा कागद दाखवा. कागदावरचे आकडे 'हो' म्हणत असतील तर बिनधास्त जा. नसतील, तर हसून सांगा, "अजून दोन सेकंद बाकी आहेत."